पावलातले वारूळ

पायात काटा मोडणे ही आपल्या खेड्यापाड्यांत काही सांगण्यासारखी बातमी नव्हे. बाभळीचा मोडतो, बोरीचा मोडतो, कधी ज्वारीचे धसकट तळव्यात घुसते. माणूस बांधावर बसतो, सुईने नाहीतर दुसऱ्या काट्याने तो काढतो, वर चिमूटभर हळद दाबतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेक वेळा प्रकरण तेवढ्यावर मिटते. आज आपणांशी बोलायचे आहे ते न मिटणाऱ्या एखाद्या वेळेविषयी.

काटा केव्हाच निघून गेलेला असतो. कित्येकदा तो मोडल्याची आठवणही राहत नाही. काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनी, त्या जागी कातडीखाली एक टणक गाठ हाताला लागते. ठणका नाही, ताप नाही, चालताना अडत नाही. मग कशाला डॉक्टर? गाठ वाढते, पाऊल सुजते, कातडीवर बारीक फोड येतात, फुटतात, आणि तेथे छिद्रे पडतात. एक बुजले की शेजारी दुसरे उघडते. त्या छिद्रांतून पू येतो आणि पुवाबरोबर येतात दाणे. कोणाचे काळे, बंदुकीच्या दारूसारखे. कोणाचे पांढरे-पिवळसर, माशाच्या गाबोळीसारखे. क्वचित कोणाचे तांबडे. आत हा रोग हाडापर्यंत पोचलेला असतो. दुखत नाही हाच याचा मोठा दगा. दाढ दुखली तर माणूस रात्रीच्या रात्री तालुक्याला धावतो. हे पाऊल मात्र तो पाच-पाच, दहा-दहा वर्षे बाळगतो.

सुश्रुताने क्षुद्ररोगांत 'वल्मीक' नावाचा एक विकार सांगितला आहे. वल्मीक म्हणजे वारूळ. वर चढलेली सूज आणि तिला पडलेली अनेक तोंडे हे रूप पाहून तो विकार हाच असावा असे पुष्कळ जाणकार मानतात. अलीकडच्या वैद्यकात त्याला 'मदुरा पाऊल' असे नाव पडले, कारण मदुराई येथील दवाखान्याच्या अहवालांत १८४२ साली गिल या डॉक्टरांनी आणि १८४६ साली कोलब्रुक यांनी त्याचे वर्णन केले. पण नावावर जाऊ नका. रोग एकट्या मदुराईचा नव्हे. जेथे जमीन कोरडी, झाडे काटेरी आणि माणसे अनवाणी, तेथे तो आहे. राजस्थानात आहे, आफ्रिकेतल्या सुदानमध्ये आहे, मेक्सिकोत आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातही आहे. किंबहुना या रोगाची खरी चौकशी प्रथम झाली ती आपल्याच मुलखात, मुंबईत आणि साताऱ्यात.

ही चौकशी करणाराचे नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर. शिक्षक बंधुभगिनींना हे नाव दुसऱ्या एका कारणाने ओळखीचे असेल. ग्रे यांचा शरीररचनेवरचा जो प्रसिद्ध ग्रंथ १८५८ साली निघाला, त्यातली चित्रे या कार्टरने काढलेली. त्याच वर्षी हा तरुण डॉक्टर मुंबईला आला, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागला आणि जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात काम करू लागला. तेथे त्याला ही पावले दिसली. पुढे १८६३ पासून १८७२ पर्यंत तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता.

त्या काळी या रोगावर उपाय एकच होता. घोट्याच्या वर किंवा गुडघ्याखाली पाय कापायचा. क्लोरोफॉर्म आलेला होता, त्यामुळे कापताना शुद्ध हरपवता येई. परंतु जखमेत रोगजंतू शिरू नयेत म्हणून काय करावे याचे ज्ञान अजून यायचे होते; लिस्टरने आपली कार्बोलिक ॲसिडची पद्धत प्रसिद्ध केली ती १८६७ साली. तेव्हा कापलेला पाय बरा होईलच असा भरवसा नव्हता. हा भयंकर उपाय करून झाल्यावर सर्वसाधारण शल्यवैद्याचे काम संपे. कार्टरचे काम तेथून सुरू होई. ते कापलेले पाऊल तो टाकून देत नसे. ते उभे चिरायचे, आतल्या वाटा शोधायच्या, दाणे वेगळे काढायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि चित्र काढायचे. चित्रकाराची नजर असल्याने त्याला एक गोष्ट दिसली. दाणा म्हणजे वाळलेला पू नव्हे, गोठलेले रक्त नव्हे, हाडाचा चुराही नव्हे. दाणा म्हणजे अतिशय बारीक तंतूंचा गच्च विणलेला गोळा. काहीतरी जिवंत वस्तू आत वाढते आहे. १८६० साली त्याने रोगाला 'मायसेटोमा', म्हणजे बुरशीची गाठ, हे नाव दिले आणि १८७४ साली त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. काळ्या दाण्याची जात आणि फिक्या दाण्याची जात वेगळी, हेही त्याने नोंदवून ठेवले.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण शाळेत विज्ञान शिकवताना आपण फक्त यशाच्या गोष्टी सांगतो आणि त्यामुळे मुलांना वाटते की शास्त्रज्ञ चुकतच नाहीत. जपून ठेवलेल्या नमुन्यावर पुढे एक तांबडी बुरशी उगवली. सर्वांना वाटले, सापडला चोर! इंग्लंडातले बुरशीचे पंडित बर्कली यांनी तिचे बारसे करून तिला कार्टरचेच नाव दिले. पण ती बुरशी पाहुणी निघाली. शिळ्या भाकरीवर जशी हवेतून येऊन बुरशी बसते, तशी ती नमुन्यावर येऊन बसली होती. रोगाशी तिचा संबंध नव्हता. म्हणजे कार्टरचे मूळ म्हणणे खरे होते, आणि त्यासाठी हाती आलेला पुरावा खोटा होता. असे होते. विरोधकांनी अर्थातच या गोष्टीचा फायदा घेतला आणि पावलात बुरशी असते हेच कित्येक वर्षे वादात राहिले.

वाद मिटला तो अनपेक्षित रीतीने. १८९४ साली व्हिन्सेंट या फ्रेंच संशोधकाने फिक्या दाण्यातला जीव प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. पुढे १९१३ साली पिनॉय याने स्पष्ट मांडले की हा रोग एक नव्हे, दोन आहेत. काही पावलांत खरी बुरशी असते. आणि काही पावलांत असतात ते तंतूसारखे वाढणारे जीवाणू, म्हणजे बॅक्टेरिया. वरून सूज तीच, छिद्रे तीच, दाणेही तसेच. आतला रहिवासी मात्र अगदी निराळ्या घराण्याचा. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही तंतूच दिसतात, फरक जाडीचा. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर बुरशीचा तंतू दोन ते पाच मायक्रॉन आणि जीवाणूचा जेमतेम एक मायक्रॉन किंवा त्याहून कमी.

आपण म्हणाल, एवढ्या बारीक फरकाचे आम्हां शेतकऱ्यांना काय? फरक पाऊल राहण्याचा आणि जाण्याचा आहे. तो समजण्यासाठी आता साताऱ्याहून पिंपरीला येऊ.

पुण्याहून मुंबईच्या रस्त्याने निघालो की पिंपरी लागते. आज पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग आहे. तेथे मोटारी होतात, सुटे भाग होतात, काय काय होते. पण या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून एक नाव आहे, 'एच. ए. कंपनी', म्हणजे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स. १९५४ साली भारत सरकारने ही कंपनी स्थापली, जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने साहाय्य केले, आणि १९५५ साली पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिन करते कोण? एक हिरवट बुरशी. फ्लेमिंगला ती १९२८ साली लंडनमध्ये दिसली. मोठमोठ्या टाक्यांत साखरेच्या खाद्यावर तिला पोसायचे, हवा द्यायची आणि ती जो रस सोडते तो गाळून शुद्ध करायचा, असा तो कारखाना.

हे पेनिसिलिन जीवाणूला मारते कसे? जीवाणूच्या अंगाभोवती एक भिंत असते. आत दाब मोठा, म्हणून भिंत मजबूत हवी. जीवाणू वाढतो तशी त्याला भिंत सारखी वाढवावी लागते, आणि तेथे गवंड्याचे काम करणारे काही पदार्थ असतात. पेनिसिलिन त्या गवंड्याचे हात धरून ठेवते. विटा येऊन पडतात, सांधल्या जात नाहीत. भिंत कच्ची राहते, पाणी आत घुसते आणि जीवाणू फुटतो. आपल्या शरीराच्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून आपल्याला त्याची बाधा होत नाही. (काहींना पेनिसिलिन सोसत नाही, ते निराळ्या कारणाने.) आणि बुरशी? बुरशीला भिंत आहे, पण वेगळ्या मालाची. खेकड्याच्या कवचात जो पदार्थ असतो तो तीत असतो. तेथे पेनिसिलिनचे काही चालत नाही. कसे चालेल? ते बनवणारी स्वतःच बुरशी. आपल्या घराला आग लावील असा रस ती कशाला काढील?

आता गाठ उकलू लागली. पावलात जीवाणूचे दाणे असतील तर जीवाणूंवरची औषधे चालतील. बुरशीचे असतील तर तीच औषधे कितीही टोचली तरी पाण्यात जातील, आणि रोग दरम्यान हाड खाईल.

यात एक मौज आहे. पहिला पाऊस पडला की जमिनीतून जो वास सुटतो, तो आपणां सर्वांना आवडतो. तो वास मातीतल्या एका जीवाणूच्या घराण्याचा आहे. स्ट्रेप्टोमायसिस हे त्याचे नाव. याच घराण्यातून १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीन निघाले, क्षयरोगावरचे पहिले खरे औषध. पुढे तेही पिंपरीत होऊ लागले. आणि पावलात दाणे करणारे जीवाणू? तेही याच घराण्यातले, सख्खे नाहीतर चुलत. रोगाचे बी आणि रोगाचे औषध एकाच मातीत, एकाच कुळात. सुदानमधल्या डॉक्टरांनी स्ट्रेप्टोमायसीन व इतर औषधे एकत्र देऊन अशी पावले बरी केली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००० साली एक पद्धत प्रसिद्ध केली. आधी काही आठवडे रुग्णालयात ठेवून पेनिसिलिन आणि जेंटामायसीनची इंजेक्शने, जोडीला को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या. मग घरी कित्येक महिने गोळ्या. पुढे त्यांनीच ती आणखी सुटसुटीत केली. अशा उपचाराने छिद्रे बुजतात, सूज उतरते. ज्या पावलाला कार्टरच्या काळात करवतीशिवाय गती नव्हती, ते पाऊल चाकू न लावता राहते. मात्र दोन अटी. जेंटामायसीन कानाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते, म्हणून मधून मधून तपासणी हवी. आणि छिद्रे बुजली म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत.

जीवाणूच्या दाण्यांत चाकू सहसा पहिला उपाय नसण्याचे आणखी एक कारण आहे. हा जीवाणू मांसात पसरतो तो कडा न ठेवता, ओल्या कागदावर शाई पसरावी तसा. कोठवर कापावे हेच कळत नाही. बुरशीचा प्रकार उलटा. ती बहुधा आपल्याभोवती एक कोष करून राहते. लहान असताना ती कोषासकट, एखादी गोटी काढावी तशी, काढता येते. म्हणजे एकाला चाकू लवकर हवा आणि दुसऱ्याला औषध. वरून बघणाराला दोन्ही पावले सारखी!

बुरशीचे प्रकरण अवघड आहे, हे लपवून उपयोग नाही. बुरशीवरच्या औषधांचा शोधही पिंपरीत झाला आहे, आणि त्याची गोष्ट आपल्याकडे म्हणावी तितकी कोणी सांगत नाही. एच. ए. कंपनीच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे झाडांवरच्या बुरशीचे अभ्यासक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या जीवाणूंचा शोध चालवला, आणि १९६१ साली त्यांतल्या एकाकडून बुरशी मारणारे औषध मिळवले. 'हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स' या नावावरून औषधाला हॅमायसीन म्हटले, आणि जीवाणूला नाव दिले स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचे नाव असे शास्त्राच्या लॅटिन यादीत जाऊन बसले. त्याच जीवाणूपासून मिळालेल्या दुसऱ्या एका पदार्थाचे नाव पिंप्रिनीन. पुढे तेथेच ऑरिओफंजिन निघाले; ते पिकांवरच्या बुरशीसाठी वापरले गेले.

मग हॅमायसीनने मदुरा पाऊल बरे का होत नाही? औषध बुरशीला मारते कसे ते पाहिले की उत्तर मिळते. बुरशीच्या पेशीला भिंतीच्या आत एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. हॅमायसीनच्या जातीची औषधे त्याला चिकटतात, पडद्याला भोके पाडतात, आणि पेशी गळक्या घागरीसारखी रिकामी होते. उत्तम. पण आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असते, आणि ते एर्गोस्टेरॉलचे जवळचे भावंड. औषधाला दोघांतला भेद पुरता कळत नाही. म्हणून अशा जातीचे औषध रक्तात सोडले तर रोग्यालाही इजा होते. हॅमायसीन पोटातून रक्तात फारसे शोषलेही जात नाही. परिणामी ते कातडी, तोंड, योनिमार्ग अशा वरवरच्या बुरशीसाठी उपयोगी पडले. पावलाच्या हाडापर्यंत पोचण्याचे काम त्याच्याने होण्यासारखे नव्हते. पेनिसिलिन एवढे निर्धोक का आणि बुरशीची औषधे एवढी जपून का द्यावी लागतात, याचे मर्म येथे आहे. जीवाणू आपला लांबचा. बुरशी मात्र, विचित्र वाटेल, पेशीच्या रचनेने आपल्या पुष्कळ जवळची.

शिवाय काळा दाणा स्वतः एक किल्ला आहे. तंतू एकमेकांत रुतलेले, मध्ये सिमेंटासारखा टणक पदार्थ, आणि वर काळा रंग. हा काळा रंग म्हणजे आपल्या केसांत असते तशाच जातीचे मेलॅनिन, आणि ते बुरशीला औषधापासून वाचवते. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दाण्याभोवती वेढा देऊन बसतात, पण आत शिरू शकत नाहीत. किल्ला पडत नाही, वेढा उठत नाही. सूज म्हणजे तो वर्षानुवर्षांचा वेढा.

म्हणून काळ्या दाण्यांत औषध आणि शस्त्र दोन्ही लागतात. आधी काही महिने इट्राकोनॅझोलच्या गोळ्या, म्हणजे रोग आकसून कोषात बसतो, मग शस्त्रक्रिया, त्यानंतर पुन्हा गोळ्या. नुसते कापले आणि एखादा दाणा आत राहिला, तर रोग परत येतो आणि दुसऱ्या खेपेला जास्त कापावे लागते. या पद्धतीवर सर्वांत अधिक काम झाले ते सुदानची राजधानी खार्टुम येथे. १९९१ साली तेथे या एका रोगासाठी केंद्र निघाले. सुमारे शंभर रोग्यांवर तेथे फोसरॅव्हुकोनॅझोल या नव्या औषधाची चाचणी झाली. निष्कर्ष २०२४ साली छापून आले. रोज गोळ्या घेण्याऐवजी आठवड्यातून एकदा घेऊन, सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया करून, गुण जवळपास तितकाच आला. खेड्यात राहणाऱ्या, मजुरी बुडवून औषध आणणाऱ्या माणसाला याचा अर्थ केवढा, ते सांगायला नको. दुर्दैव असे, की २०२३ साली सुदानमध्ये युद्ध पेटले आणि त्यात त्या केंद्राची मोठी नासधूस झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हा रोग उपेक्षित रोगांच्या यादीत घातला होता. उपेक्षा अशी अनेक तऱ्हांनी होते.

आता चाकणच्या बाजूचा विचार करा. कारखान्यात कामाला जाणारा माणूस तेथे जाड बूट घालतो. बुटाशिवाय आत सोडतच नाहीत. सुट्टीच्या दिवशी तोच माणूस कांद्याच्या वाफ्यात अनवाणी उतरतो. चिखलात बूट रुततो हे मान्य. पण कुंपणाला काटेरी फांद्या ओढताना, धसकटे वेचताना, सरपण गोळा करताना तरी पायात जाड तळाची चप्पल असावी. मोडलेला काटा पुरता निघाला की नाही ते पाहावे, जागा साबणाने धुवावी. माती दाबू नये. रोगाचे बी मातीतच आहे. रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे रोग्याला घरात वेगळे बसवण्याचे काही कारण नाही. शिक्षकांनी, मुलाच्या किंवा त्याच्या आईबापाच्या पावलावर न दुखणारी टणक गाठ दिसली, तर 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे उत्तर ऐकून घेऊ नये. नेमके ते दुखत नाही म्हणूनच दाखवायला हवे.

मी काही डॉक्टर नव्हे. औषधाची मात्रा सांगणे माझे काम नाही. पण डॉक्टरांना एक प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक रोग्याला आहे: दाणे तपासले का? पाय कापायचे ठरण्याआधी, आणि महिनोन्‌महिने इंजेक्शने घेण्याआधीही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. दाणा काळा असेल तर बुरशी. तांबडा असेल तर जीवाणू. पांढरा किंवा पिवळा असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकते, तेथे नुसत्या डोळ्यांचे काम नाही. पट्टीवर दाणे दिसले तर ती पट्टी चुलीत घालू नका. स्वच्छ बाटलीत ठेवून बरोबर न्या, म्हणजे डॉक्टरांना निदान वाट तरी दिसते. त्यावर ते म्हणतील, हे ठीक, पण आम्हांला गाठीच्या आतला तुकडा काढून जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागेल. त्याला नाही म्हणू नका. छिद्राच्या तोंडाशी आलेल्या दाण्यावर बाहेरचे नाना जीव येऊन बसलेले असतात, आणि तपासणाराला ते फसवतात. कार्टरच्या नमुन्यावर उगवलेली ती तांबडी बुरशी आपणांला आठवत असेलच.